इंजिनाचा पिवळा दिवा आणि न बदललेला कन्व्हर्टर

गाडीची तीन वर्षांची वॉरंटी संपून चार महिने झाले होते, तेव्हा सिंहगड रस्त्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी नेहमीसारखी चालत होती आणि दिवा स्थिर होता. तो लुकलुकत असता, तर मिसफायर, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नाही, असे समजून गाडी तिथेच थांबवणे योग्य होते. स्थिर दिवा असताना चार ठिकाणी चौकशी करायला सवड असते, हे ठाऊक नसल्यामुळे मी घाबरून जवळच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो.

तिथल्या माणसाने स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे न वळवताच सांगितले, "साहेब, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय. आत प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, स्वस्तात होणार नाही." कन्व्हर्टर म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग. त्यातल्या धातूंची गोष्ट खरी होती, म्हणून बाकीचेही मला खरे वाटले. मी ६२,००० रुपये भरले. जुना भाग मागितला, तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले. बिलावर 'एक्झॉस्टचे काम' एवढेच लिहिले होते. ना स्कॅनरने दाखवलेला दोषाचा कोड, ना पार्ट नंबर. मी तिथेच अडून बसायला हवे होते.

गाडी रोज बाहेर निघत नाही, त्यामुळे दिवा पुन्हा लागला तो दुसऱ्या आठवड्यात. या वेळी कोथरूडमधल्या एका ओळखीच्या मेकॅनिकने कोड मला वाचायला दिला : पी०१४१, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या मागच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमधला दोष. कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्यास येणारा पी०४२० हा कोड तिथे नव्हताच. गाडी जॅकवर चढवून त्याने बॅटरीच्या उजेडात सेन्सरची वायर दाखवली. उंदराने ती कुरतडली होती आणि उघडी तांब्याची तार हिरवी पडली होती. शेजारच्या कन्व्हर्टरच्या नटांवर जुना गंज आणि मागच्या पावसाळ्यातला चिखल जसाच्या तसा वाळलेला होता. पान्याचा एक ओरखडाही नव्हता. तो भाग कुणी खोललाच नव्हता. स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतो आणि पुढच्या फेऱ्यांत दोष पुन्हा आढळेपर्यंत गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखे वाटते. वायर जोडायला त्याने ७०० रुपये घेतले.

आपल्याकडे असा दिवा लागला असेल, तर कामाला होकार देण्यापूर्वी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढा, अंदाजपत्रकावर कोड आणि पार्ट नंबर लिहून घ्या आणि जुना भाग परत हवा असल्याचे जॉब कार्डवरच नोंदवा. गंजलेल्या नटांचे फोटो आणि ते त्रोटक बिल घेऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.