रियाध मेट्रो: जुन्या रियाधकरांनी एकदा बसून पाहावी

२०१८ च्या आधी रियाध सोडलेल्यांनी परत येताना विमानतळावर टॅक्सी करू नये, मेट्रोच धरावी. शहर किती बदललंय ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं.

डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मेट्रोच्या सहा लाइन आहेत, ८५ स्टेशनं, १७६ किलोमीटर, सगळ्या गाड्या बिनड्रायव्हरच्या. पिवळी लाइन विमानतळाच्या टर्मिनलपासून केएएफडीला (किंग अब्दुल्ला फायनान्शियल डिस्ट्रिक्ट) येते. तिथे निळी लाइन पकडली की थेट बथ्था, म्हणजे जुन्या बाजाराचा भाग. तिकीट ४ रियाल, दोन तास चालतं. लाइन बदला, बस धरा, पुन्हा पैसे नाहीत. तीन दिवसांचा पास २० रियाल, आठवड्याचा ४०. गेटवर बँक कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं, पण भारतातल्या कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप-पेमेंट निघण्याआधीच चालू करून ठेवा. नाहीतर 'दर्ब' अ‍ॅपवरून तिकीट काढा.

आता डबे. इथेच जुनी माणसं हमखास चुकतात. सौदीत हॉटेलांना बायकांसाठी वेगळं दार ठेवण्याची सक्ती २०१९ च्या डिसेंबरमध्ये गेली, म्हणून मेट्रोतही सगळं एकत्र असेल असं वाटतं. तसं नाही. फर्स्ट क्लास, फॅमिली (बायका आणि कुटुंबं) आणि सिंगल्स (एकटे पुरुष) असे तीन भाग आहेत, आणि एकट्या पुरुषाने फॅमिलीत बसायचं नसतं. फलाटावरच्या काचेच्या दारांवरची खूण बघूनच उभं राहा. फर्स्ट क्लासला दोन तासांचे १० रियाल पडतात. थोड्या अंतरासाठी ते वायाच.

पण त्या फॅमिली डब्याकडे नीट बघा. एकट्या बाया बसलेल्या दिसतील, पर्स मांडीवर, मोबाइल हातात. जून २०१८ पर्यंत बाईला गाडी चालवायची मुभा नव्हती. नवरा, भाऊ नाहीतर पगारी ड्रायव्हर मोकळा होईपर्यंत थांबावं लागे. ते थांबणं संपलं. वाटणी अजून आहे, तरी हा बदल फार मोठा आहे.

बथ्थ्यापुढचं कसर अल-हुक्म स्टेशन चुकवू नका. चौकावर स्टीलची प्रचंड चकचकीत वाटी छतासारखी धरलीय, आत जमिनीखाली बाग. मस्मक किल्ला तिथून चालत जाण्यासारखा आहे.

खरी अडचण स्टेशनाबाहेर पडल्यावर येते. उन्हाळ्यात दुपारी दहा मिनिटं चालणंही जड जातं, म्हणून पुढची बस कुठून सुटते ते गाडीतच बघून ठेवा. नमाजाच्या वेळी दुकानं बंद ठेवण्याची सक्ती २०२१ मध्ये सैल झाली, तरी सगळेच उघडी ठेवतात असं नाही.