कॅमेऱ्याने विचारलं होतं

आधी आकडे सांगतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. ॲपवरून मागवलेल्या कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या आणि जोडीचा चार्जर, १,४९९ रुपये. पैसे माल घरी आल्यावर देणार म्हणून वर ४९. पुढे 'बदली माल पाठवतो' म्हणून यूपीआयने उकळलेले २९९. एकूण १,८४७. मुंजीच्या फोटोंचे ८,००० यात धरलेले नाहीत. त्यातले ३,००० आगाऊ घेतले होते ते परत केले, आणि राहिलेले ५,००० मागायला तोंड उरलं नाही.

माझ्याकडे कॅनन ८०डी आहे, सेकंडहँड घेतलेला. मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नाही. चिंचवडला नोकरी, आणि शनिवार-रविवारी ओळखीपाळखीतली बारशी, साखरपुडे, डोहाळजेवणं. कॅमेऱ्यासोबत आलेली मूळ एलपी-ई६एन बॅटरी आता थकलीय. कंपनीच्या हिशेबाने एका चार्जिंगमध्ये ९६० फोटो निघायला हवेत, माझीला अडीचशेतच धाप लागते. दुकानात नवी विचारली तर ६,२०० सांगितली. महिन्याला एखादं बारसं करणाऱ्याने ६,२०० ची बॅटरी घ्यायची का? आणि बाहेरच्या कंपनीची बॅटरी म्हणजे कचराच, असंही नाही. मित्राची तीन वर्षं बिनतक्रार चाललीय. तेव्हा 'स्वस्ताच्या मागे लागलास' हे मला ऐकवू नका. ते घरात रोज ऐकतो.

मी अभिप्राय वाचले होते. ४.३ तारे, हजारावर माणसं. त्यातल्या एकाने लिहिलं होतं, 'पट्टा मऊ आहे, खांद्याला रुतत नाही.' बॅटरीला पट्टा! मी काय समजलो, तर बिचारा चुकून दुसऱ्याच वस्तूचं इथे लिहून गेला. जुनं पान, त्यावर साठलेले तारे, आणि वस्तू तेवढी बदललेली, ही युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. मलाही ठाऊक होती. सगळ्यात नवे आणि सगळ्यात वाईट अभिप्राय आधी वाचा.

बॅटरीवर छापलं होतं २,६५० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा. मूळ बॅटरी १,८६५ ची. त्याच आकारात कॅननने पुढे एलपी-ई६एनएच काढली, ती २,१३० पर्यंत गेली. आणि कुठल्यातरी गाळ्यात बसून कोणीतरी साडेसातशे रुपयांत २,६५० भरतोय! हातात घेतली तेव्हा हलकी लागली. मला वाटलं, बरंच की, गळ्यातलं ओझं कमी. नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तर मूळ ८० ग्रॅम आणि ही ५८. हे नंतर केलं. तुम्ही आधी करा.

पण खरं जे सलतं ते वेगळंच आहे. पहिल्यांदा बॅटरी घातली तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर सूचना आली. बॅटरीशी संपर्क होत नाही, या बॅटरीवर कॅननचं चिन्ह आहे का? सरळ सरळ प्रश्न. निर्जीव यंत्र मला विचारतंय, अरे बाबा, हे काय घातलंस माझ्या पोटात? मी खाली बघितलंही नाही. जे बटण दाबलं की पुढे जाता येतं ते दाबलं, जसं आपण ॲपच्या अटी मान्य करतो तसं. बाल्कनीतल्या तुळशीचे वीस-एक फोटो काढले, भरलेल्या बॅटरीचं चिन्ह बघितलं आणि बॅगेत टाकून दिली. डबाही फेकला. सात दिवसांची परतीची मुदत बॅगेतच संपली. माल आला की त्याच दिवशी पार रिकामा होईपर्यंत वापरा, आणि डबा उघडताना व्हिडिओ काढा. लाज वाटली तरी काढा.

मुंज होती ऑफिसातल्या मित्राच्या मुलाची, सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात. माल येऊन तेवीस दिवस झाले होते. सकाळी सातपासून मूळ बॅटरीवर काम केलं, मातृभोजनापर्यंत ती पुरली. मुहूर्ताला दगा नको म्हणून मुद्दाम नवी घातली. मुद्दाम! बापलेक समोरासमोर, मध्ये अंतरपाट, भटजींचं शेवटचं मंगलाष्टक. बॅटरीचं चिन्ह भरलेलं. अंतरपाट निघाला, मी बटण दाबलं, आणि पडदा काळा. दुसरी काढली तर ती चार्जरमध्येच फुगलेली, खाचेत जाईना. मी ती अंगठ्याने दाबत बसलो. दाबू नये, फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. पण तेव्हा डोकं जागेवर कुठे होतं?

भरलेली दिसून एकदम कशी मेली, ते नंतर कळलं. लिथियम सेलचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास एका पातळीवर राहतो आणि शेवटी धाडकन कोसळतो. मूळ बॅटरीतली चिप उरलेल्याचा हिशेब कॅमेऱ्याला सांगत असते. माझ्या बॅटरीतली चिप नावापुरती, त्यामुळे कॅमेरा नुसता व्होल्टेज बघून सगळं आलबेल म्हणत राहिला.

विक्रेत्याला ॲपवर लिहिलं. त्याचं उत्तर फार गोड. 'सर, व्हॉट्सॲपवर या, लगेच बदलून देतो.' गेलो. नेण्या-आणण्याचे २९९ भरा म्हणाला. भरले. आता तुम्ही म्हणाल, एकदा फसल्यावर पुन्हा? तर हो. कारण १,५४८ बुडताना दिसत असले की २९९ काहीच वाटत नाहीत, आणि तो हेच ओळखून असतो. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो गायब, निरोपावर एकच टिक. ॲपच्या बाहेर बोलावलं की तिथेच थांबा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढीच. मी चौथ्या दिवशी लावला.

आता यंत्रणा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. पोच आली, यंत्राने लिहिलेली, नावाच्या जागी 'प्रिय ग्राहक'. निवारण असं की परतीची मुदत संपली आहे. मग एका हेल्पलाइनवर तक्रार टाकली. त्यांनी ती त्याच कंपनीला पाठवली, कंपनीने तेच वाक्य परत चिकटवलं, आणि तिसऱ्या दिवशी शेरा आला, 'निकाली'. कोणाच्या बाजूने निकाली?

पोलीस चौकीत गेलो. तिथले हवालदार म्हणाले, "काका, बॅटरी मिळाली ना? मग फसवणूक कसली?" २९९ चा आकडा ऐकून त्यांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा उठून पाणी प्यायला गेला. 'ऑनलाइन टाका.' ऑनलाइन टाकली. उत्तर आलं, कागदपत्रांसह जवळच्या ठाण्यात संपर्क साधा. परत तीच चौकी. आता बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट पाहिजे. बँकेत गेलो तर शिक्का मूळ शाखेतूनच मिळेल म्हणे, आणि माझी मूळ शाखा साताऱ्यात! २९९ रुपयांच्या पुराव्यासाठी साताऱ्याला जाऊन यायचं? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे मलाही माहीत आहे. पण तारखांना लागणाऱ्या रजा कोण देणार? कोणी उद्धटपणे बोललं नाही, हे मान्य करतो. सगळे अगदी सौजन्याने पुढच्या खिडकीकडे बोट दाखवत होते.

चार शब्द कामाचे सांगितले ते पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातल्या, एका दुकानदाराने. त्याने फुगलेली बॅटरी हातातही घेतली नाही. "दादा, यावरचा आर ने सुरू होणारा नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका." टाकला. नंबर खरा निघाला, पण भलत्याच कंपनीच्या पॉवर बँकेचा. आपल्याकडे अशा बॅटऱ्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते, तो नंबर तिचा. दोन मिनिटांचं काम. मी ते खरेदीनंतर दोन महिन्यांनी केलं. त्याच्याकडे बाहेरच्या कंपनीची १,८०० ला होती, बिलासकट, समोर कॅमेऱ्यात घालून दाखवली. तीच घेतली. माझ्या १,५४८ च्या बिलावर तर जीएसटी क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं होती. तेही आत्ता, हे लिहायला बिल काढलं तेव्हा दिसलं.

फुगलेली बॅटरी बाल्कनीत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवलीय. कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

मित्र काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. परवा त्याने एक फोटो पाठवला. मुलाच्या आत्याने मोबाईलवर काढलेला, अंतरपाट निघाला त्या क्षणाचा तेवढा एकच आहे. बाप हसतोय, मुलगा वर बघतोय, आणि दोघांच्या मध्ये पाठमोरा मी, बॅगेत डोकं घातलेला. खाली त्याने लिहिलंय, 'अल्बमला घ्यायचाय. तुला तेवढा काढून टाकता येईल का?'