एक्सेलची फाइल हाताबाहेर जाते तेव्हा : एअरटेबल कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये

लहान-मध्यम कार्यालयांना त्यांच्या कामाच्या नोंदी कशात ठेवाव्यात याचा सल्ला देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि एअरटेबल या नोंदी ठेवण्याच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरविषयी ‘ते घ्यावे का?’ असे विचारणारे बहुतेक जण उत्तराची वाट न पाहता आधी एक एक्सेल फाइल उघडून दाखवतात. फाइलच्या नावात ‘फायनल’ हा शब्द दोनदा आलेला असतो, अर्ध्या ओळी पिवळ्या केलेल्या असतात, आणि पिवळा म्हणजे ‘पैसे आले’ की ‘पैसे मागितले’ हे ज्या बाईंना ठाऊक होते त्या तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या असतात. कोणती कंपनी हे सॉफ्टवेअर घेणार, याचा अंदाज मला त्या कंपनीच्या उलाढालीपेक्षा या फाइलवरून अधिक नेमका येतो.

एअरटेबल २०१२ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झाले. पाहता क्षणी ते एक्सेलसारखेच दिसते. त्याचे आतले काम मात्र डेटाबेसचे आहे. प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरलेला असतो, म्हणजे तारखेच्या रकान्यात ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे लिहिता येत नाही, आणि एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीला जोडता येते. ज्यांनी नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम केले आहे त्यांना यात नवे काय, असा प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. नवे एवढेच की फॉक्सप्रोचा प्रोग्राम लिहायला माणूस बोलवावा लागे, आणि इथे कार्यालयातला कोणीही बऱ्यापैकी हुशार लिपिक दोन दुपारींत आपल्या कामाचा आराखडा उभा करतो.

पुष्कळांचा असा समज असतो की एक्सेल अपुरे पडते म्हणून कंपन्या इकडे वळतात. आकडे याच्या उलट आहेत. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. एअरटेबलच्या मोफत योजनेत एका बेसमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांच्या एका संचात, १,००० नोंदी आणि ‘टीम’ नावाच्या सशुल्क योजनेत ५०,००० नोंदी, एवढीच मर्यादा आहे. त्यामुळे माहितीचा पसारा मोठा म्हणून इकडे येणारा माणूस चुकीच्या दुकानात शिरला आहे असे समजावे. इथे येणाऱ्यांच्या नोंदी थोड्या असतात, पण त्यातली प्रत्येक नोंद पाच-सहा जणांच्या हातांतून जाते आणि त्या प्रत्येकाला ती वेगळ्या बाजूने पाहायची असते.

याचे मी जवळून पाहिलेले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे पुण्यातल्या एका दिवाळी अंकाचे कार्यालय. वर्षभर दोन माणसांचे असलेले हे कार्यालय जुलै उजाडला की सात-आठ जणांचे होते. अंकात साठ-सत्तर लेख, कथा आणि कविता असतात. प्रत्येकाचा लेखक, शब्दसंख्या, डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी), दोन मुद्रितशोधने, चित्रकार आणि मानधन यांचा माग ठेवावा लागतो. शिवाय जाहिराती असतात, ज्या शेवटच्या क्षणी येतात आणि ज्यांच्यावाचून अंक निघत नाही. पूर्वी हे सारे एका फाइलमध्ये होते आणि ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत असे. आता लेखकांचा एक तक्ता आहे, मजकुराचा दुसरा, जाहिरातींचा तिसरा, आणि ‘अंक’ नावाचा एक चौथा तक्ता आहे ज्यात त्या वर्षाची एकच नोंद असते आणि बाकी सारे तिला जोडलेले असते. संपादक मजकूर कार्डांच्या रूपात पाहतात आणि ‘आला’, ‘वाचला’, ‘डीटीपीला’, ‘दुसरे प्रूफ’ अशा स्तंभांतून ती कार्डे पुढे सरकतात; चित्रकाराला फक्त त्याच्याकडे असलेल्या कथा चौकटींत दिसतात; जाहिरात पाहणारे गृहस्थ कॅलेंडरखेरीज काहीच उघडत नाहीत. रकान्यांची नावे मराठीत ठेवता येत असल्याने, मेनू इंग्रजी असूनही, कोणाचे काही अडले नाही.

खरी गंमत पानांच्या हिशेबात आहे. अंक १९२ पानांचा, म्हणजे सोळा पानी बारा फर्मे (एकाच मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पाने म्हणजे एक फर्मा). मजकुराच्या तक्त्यातली शब्दसंख्या ‘अंक’ या नोंदीत आपोआप बेरजेला येते, ती ३५० ने भागली की मजकुराची अंदाजे पाने निघतात, त्यात जाहिरातींची पाने मिळवली की बेरीज समोर उभी राहते. गेल्या हंगामात सप्टेंबरच्या एका संध्याकाळी चार पानी जाहिरात नोंदली गेली आणि बेरीज १९६ झाली, म्हणजे चार पानांसाठी आख्खा तेरावा फर्मा. पूर्वी ही गोष्ट छापखान्यातून फोन आल्यावर कळत असे. त्या संध्याकाळी संपादकांनी एक लांबलेला लेख पुढच्या वर्षासाठी राखून ठेवला. लेखक रुसले, पण फर्मा वाचला.

हाच नमुना मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर एअरटेबल वापरणाऱ्यांमध्ये ज्यांची नावे वारंवार घेतली जातात त्या नेटफ्लिक्स, बझफीड आणि टाइम या कंपन्यांचा धंदा काय आहे ते पाहावे. चित्रपट असो, लेख असो वा जाहिरात मोहीम असो, तिथे एका वस्तूच्या अनेक आवृत्त्या असतात, प्रत्येकीची तारीख वेगळी, मंजुरी देणारा वेगळा, आणि कामाची पद्धत दर हंगामात थोडी बदलते. अशा कामासाठी साचेबंद सॉफ्टवेअर बनवून घेतले तर ते तयार होईपर्यंत पद्धत बदललेली असते. मोठ्या कंपन्यांत आणखी एक कारण असते, जे उघडपणे सांगितले जात नाही : मार्केटिंग किंवा मनुष्यबळ विभागाला काही हवे असेल तर आयटी विभागाच्या रांगेत सहा महिने उभे राहावे लागते, म्हणून विभागप्रमुख आपल्या खर्चाच्या मर्यादेत बसणारे सॉफ्टवेअर गुपचूप घेऊन टाकतो. आयटीला ते कळते तेव्हा त्यात दोन वर्षांचे काम साठलेले असते आणि मग ते अधिकृत करण्यावाचून इलाज उरत नाही.

सामाजिक संस्थांच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर निवडण्याचे कारण अगदी साधे आणि व्यावहारिक असते. फॉर्म भरणाऱ्याला खाते लागत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत, त्यामुळे गावोगावचे तीस कार्यकर्ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका दुव्यावरून शाळाभेटीची माहिती भरतात आणि कार्यालयातले तीन जणच पूर्ण बेस हाताळतात. नुसते पाहणाऱ्यालाही शुल्क नाही. संस्थांसाठी सवलतही आहे, ती मागून घ्यावी.

आता जिथे ते चालत नाही त्याविषयी. भोसरीतल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात जॉब कार्डे (कोणत्या मशीनवर कोणते काम किती झाले याच्या नोंदी) एअरटेबलवर आणण्याचा प्रयत्न मीच केला आणि तो फसला. शॉपफ्लोअरवर इंटरनेट कधी असे, कधी नसे, आणि एअरटेबल इंटरनेटविना चालत नाही. मशीनवरच्या माणसाचे हात तेलाचे. तो पाळी संपताना टॅबलेट हाती घेऊन आठ तासांचे काम आठवून भरणार, हे गृहीत धरणे हीच मुळात चूक होती. मालकांना शेवटी हवा होता तो साठ्याचा आणि बिलांचा मेळ, आणि तो टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच होता. आज तिथे भिंतीवरचा फळा आणि टॅली यांवर उत्तम चालले आहे. एअरटेबल फक्त एका कामापुरते टिकले : प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवलेला माल कोणाकडे आहे आणि चलानाची तारीख उलटून किती दिवस झाले, एवढे पाहण्यापुरते. हिशेब, पगार, बँकेचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी, अशी ज्यांची पद्धत कायद्याने किंवा रूढीने पक्की ठरलेली आहे, त्यांनी त्या कामासाठी बनवलेलेच सॉफ्टवेअर घ्यावे.

अधिकारांची बाजूही नीट समजून घ्यावी लागते. बेसमध्ये आलेल्या माणसाला त्यातल्या सर्व ओळी दिसतात. अमक्याला फक्त त्याच्याच ओळी दाखवायच्या असतील तर वेगळा इंटरफेस, म्हणजे त्याच्यापुरता वेगळा पडदा, रचून द्यावा लागतो. एका अनुवाद संस्थेत मी घाईघाईने सर्वांना रचना बदलण्याचा अधिकार देऊन बसलो होतो. एका नव्या मुलीने स्थितीच्या रकान्यातला ‘मंजूर’ हा पर्याय नको असेल असे समजून काढून टाकला, आणि त्यासरशी चाळीसेक नोंदींची स्थिती कोरी झाली. आदल्या दिवशीची प्रत काढून ते भरून घेतले, पण ती दुपार माझ्या चांगलीच लक्षात आहे. तेव्हापासून रचनेचा अधिकार दोघांपलीकडे कोणाला देऊ देत नाही.

किमतीचा मुद्दा आपल्याकडे निर्णायक ठरतो. ‘टीम’ योजनेला वर्षाचे एकदम भरल्यास माणशी महिना २० डॉलर पडतात, महिन्याला भरल्यास २४. दहा जणांच्या जाहिरात संस्थेला हा खर्च एका ग्राहकाच्या चुकलेल्या तारखेपेक्षा कमी वाटतो, तर दहा जणांच्या छपाईच्या दुकानात तेवढ्यात एका हेल्परचा पगार निघतो. म्हणूनच ज्या कंपन्यांचे उत्पन्न माणशी अधिक आहे आणि काम मुख्यतः समन्वयाचे आहे, म्हणजे जाहिरात, अनुवाद, कार्यक्रम-व्यवस्थापन, अंतर्गत सजावट, तिथे हे सॉफ्टवेअर रुजते. बाकीच्यांना मी चेन्नईच्या झोहो कंपनीचे क्रिएटर हे अशाच कामाचे सॉफ्टवेअर पाहायला सांगतो. ते थोडे जडशीळ आहे, शिकायला वेळ घेते, पण रुपयांत घेता येते आणि झोहोच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडता येते. ज्यांना आपली माहिती परक्या सर्व्हरवर ठेवायचीच नाही, त्यांना बेसरो आणि नोकोडीबी हे पर्याय आपल्याच सर्व्हरवर बसवता येतात, मात्र तो सर्व्हर सांभाळणारा माणूस पदरी हवा.

दिवाळी अंकाच्या व्यवस्थापकांनी यावर काढलेली तोड मला आवडली. ते जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत सात जणांचे शुल्क महिन्याच्या दराने भरतात, अंक बाजारात गेला आणि मानधनाचे धनादेश रवाना झाले की पाच जणांची नावे काढून मोफत योजनेवर येतात. लेखकांचे पत्ते, जुन्या अंकांच्या नोंदी आणि वर्गणीदार मिळून अजून हजाराच्या आत आहेत. गेल्या महिन्यात मी पाहिले तेव्हा आकडा ९४० होता, आणि कोणते जुने वर्ष एक्सेलमध्ये हलवायचे यावर दोघांची चर्चा चालू होती.