स्पीकर फाटलेला नाही, ती एम्बिराच आहे!

'कासाह्वा : अर्ली सिंगल्स' हा गाण्यांचा संग्रह लावला आणि आधी उठून स्पीकरची वायर तपासली. मागे सतत झर्र्र असा आवाज! मग कळलं, एम्बिरा या वाद्याला शंख-शिंपले नाहीतर बाटलीची बुचं लावून ही झणझण मुद्दाम आणतात. आपल्या तंबोऱ्याची जवारी आठवा, म्हणजे राग येणार नाही.

गायिका स्टेला चिवेशे, झिम्बाब्वेची. एम्बिरा हे शोना लोकांचं पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावायचं वाद्य: लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी आणि तर्जनीने छेडायच्या. बायकांना ते शिकवायला लोक राजी नसत. ही शिकली, १९७४ साली पहिली रेकॉर्ड काढली, पुढे जर्मनीत राहून युरोपभर वाजवत फिरली. २०२३ मध्ये गेली.

हा संग्रह २०१८चा, गाणी १९७४ ते १९८३ मधली. ध्वनिमुद्रण जुनं, खरखरीत. चकचकीत आवाज हवा असेल तर वाटेला जाऊ नका. शोना मला ओ की ठो कळत नाही. पण होशोचा (बियांचा खुळखुळा) ठेका एकदा अंगात भिनला की पट्ट्यांच्या दोन-तीन लयी एकमेकींत गुंततात आणि सम नेमकी कुठली, हे शोधण्यातच रात्र जाते. सलग मात्र ऐकू नका, चाली सारख्या वाटू लागतात. चार तारे.