६०० व्हीएचा यूपीएस : गोव्यातला एक अख्खा पावसाळा काढल्यावर

गेल्या चतुर्थीच्या आधी घेतलेला हा साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह (लाइनचं व्होल्टेज स्वतः सावरणारा) यूपीएस, म्हणजे लाइट गेली की कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणारी पेटी, आता उन्हाळा, वळीव, मिरग सगळं बघून झालाय. बार्देशातलं चिऱ्याचं घर, खांबावरून आलेली उघडी लाइन, आजूबाजूला माड. ब्रँडचं नाव मुद्दामच घालत नाही. तीन-चार हजारांच्या टप्प्यात पेटीचा रंग बदलतो, आतला ऐवज जवळपास तोच असतो : १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) एक सीलबंद बॅटरी, एक जड ट्रान्सफॉर्मर आणि तीन-चार रिले (आपोआप चालणारे स्विच). बॅकअपसाठी घेणार असाल तर पदरी निराशा, व्होल्टेजसाठी घेणार असाल तर पैसे वसूल.

बॅकअपचा हिशेब आधी उरकून घेऊ. खोक्यावर ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलेलं असलं तरी मागच्या स्टिकरवर खरा आकडा असतो, बहुतेकदा ३६० वॉट. तोही फक्त झेपण्याचा आकडा, टिकण्याचा नव्हे. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास, पण ते वीस तासांत सावकाश रिकामी केली तर. अर्ध्या तासात ओढून काढायची म्हटली तर बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपासच देते, त्यातलं थोडं इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा एसी करणारा आतला भाग) खातो. हाती उरतात चाळीसेक वॉट-तास. ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप, २४ इंची मॉनिटर आणि राउटर मिळून ९० वॉट धरले तर नव्या बॅटरीवर वीस-पंचवीस मिनिटं. गेमिंगचा पीसी २०० वॉट ओढत असेल तर सात-आठ मिनिटांत खेळ खलास. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही लावू नका. त्याचा हीटर तापताना क्षणात आठशे-हजार वॉट मागतो आणि सगळंच बंद पडतं.

नुसता राउटर चालू ठेवायला हा यूपीएस वापरणं तर शुद्ध उधळपट्टी. राउटर आणि फायबरचा डबा मिळून बारा-पंधरा वॉट घेतात, जवळपास तेवढेच इन्व्हर्टर स्वतःला चालू ठेवायला जाळतो. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा लिथियमवाला राउटर-यूपीएस वेगळा घ्यावा. घेताना आपल्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते बघावं, कारण काही फायबरचे डबे १.५ अँपिअरचे असतात आणि स्वस्तातला यूपीएस १ अँपिअरवरच दम टाकतो.

आता खरं काम. नियमाप्रमाणे घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ असायला हवा. आडगावात लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात संध्याकाळी सात ते दहा मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून बघा, १८०-१९० दिसणं नवलाचं नाही. अशा वेळी यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येतो. तो बिघाड नव्हे. रिले ट्रान्सफॉर्मरचा दुसरा टॅप जोडतो, बॅटरीला हात न लावता व्होल्टेज दहा-पंधरा टक्के वर उचलतो आणि एसएमपीएसला (पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायला) सुखाने जगू देतो. दर दोन-चार सेकंदांनी टकटक चालली असेल तर मात्र कुठेतरी जोड ढिला आहे. त्याच वेळी घरभर दिवे लुकलुकत असतील तर मीटर किंवा खांबाकडे, एकाच खोलीत असेल तर सॉकेटमध्ये.

माडाचं चुडत तारांवर पडून न्यूट्रल (परतीची तार) तुटणं, हा पावसाळ्यातला सगळ्यात वाईट प्रकार. मग काही दिवे डोळे दिपवतील असे पेटतात, काही मिणमिणतात, आणि सॉकेटवर तीनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात. यूपीएस बॅटरीवर जाऊन कॉम्प्युटरला वाचवायचा प्रयत्न करतो, पण स्वतः जळू शकतो. असं दिसताक्षणी मेन स्विच पाडा, मग १९१२ वर तक्रार नोंदवा. वायरमन येईपर्यंत मेन परत चढवू नका.

विजांच्या बाबतीत यूपीएसवर फार विसंबू नये. कडकडाट जास्त करून मे-जूनच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरात. जुलैची संततधार त्या मानाने गरीब. आतला सर्ज-रक्षक छोटे झटके गिळतो, जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही. शिवाय वीज पॉवरच्याच वायरने येते असं नाही : टीव्हीची केबल, अंगणातून दुसऱ्या खोलीत नेलेली लांब लॅन केबल, हेही रस्तेच. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची लोखंडी तार असते, ती राउटरजवळ आणू देऊ नका. आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि लॅन दोन्ही उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी. दोष कॉम्प्युटरचा नसतो, अर्थिंगचा असतो. मल्टिमीटर एसीवर ठेवा : फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-दीडशे दाखवून आकडा हलत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा अर्थचा खड्डा कोरडा पडलाय. जांभ्याच्या जमिनीत मार्च ते मे हे हमखास होतं. खड्ड्यात पाणी सोडून परत मोजा. फरक पडला नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवा, मल्टिमीटरच्या सळया हातात धरायची सवय नसेल तर आधीच बोलवा. अर्थ नसेल तर यूपीएसमधला सर्ज-रक्षकही निम्मा बिनकामाचा.

लाइट गेल्यावर यूपीएस ओरडतो, तरी पीसी रीस्टार्ट होतो? संशय आधी बॅटरीवर, मग लोडवर. दोन्ही ठीक असतील तर एसएमपीएसवर. लाइनवरून बॅटरीवर जायला यूपीएसला सहा ते दहा मिलिसेकंद लागतात, चांगला एसएमपीएस पंधरा-सोळा तग धरतो, जुना किंवा नकली धरत नाही. काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) एसएमपीएसना हा स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना देतो ती चौकोनी लहर मानवत नाही. तिथे प्युअर साइनवेव्हवाला (लाइनसारखी गोल लहर देणारा) यूपीएस घेण्यावाचून इलाज नाही. चाचणी करताना प्लग उपसू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा. त्याने फेज तुटतो, अर्थ जोडलेला राहतो.

यूएसबी पोर्ट असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे जास्त मोजून तेच घ्या. केबल जोडली की विंडोजमध्ये लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह येतं. मग पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन ‘हायबरनेट’ करा आणि क्रिटिकल लेव्हल ५ वरून २५ टक्क्यांवर न्या, कारण या यूपीएसची टक्केवारी हा निव्वळ अंदाज असतो. हायबरनेट दिसतच नसेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग ‘स्लॅश एच’, मग ‘ऑन’ असं इंग्रजीत मध्ये स्पेस देऊन टाइप करा. यूपीएस कामाचा आहे का ते इव्हेंट व्ह्यूअर सांगतो : विंडोज लॉग्ज, सिस्टम, त्यात कर्नल-पॉवर आयडी ४१. बगचेक (क्रॅशचा) कोड शून्य असलेल्या अशा नोंदी लाइट गेल्याच्या वेळेशी जुळत असतील तर पीसी अजूनही दाणकन बंद पडतोय. विंडोज अपडेट अर्धवट राहणं, डिस्क तपासणी आपोआप सुरू होणं, टॅलीचा डेटा बिघडणं या दुखण्यांसाठी दुकानात फॉरमॅट मारून घेण्याआधी ही यादी बघा. फॉरमॅटने लाइन सुधारत नाही.

जागेचंही बघा. टेबलाच्या बंद कप्प्यात यूपीएस तापतो, आणि २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ओलसर चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून फूटभर वर ठेवा. बारीक मुंग्या रिलेत घर करतात आणि चिरडून संपर्क अडवतात. आत फवारा मारू नका, मुंग्यांची खडूची रेघ टेबलाच्या पायांभोवती ओढा. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवी पडतात, तीही वर्षातून एकदा बघावीत.

बॅटरी दोन-तीन वर्षांत जाणारच, तो खर्च धरूनच चला. बदलताना यूपीएस बंद करून प्लग काढा, लाल वायर प्लसला. जोडताना बारीक ठिणगी उडते, घाबरू नका. जुनी फुगून आत अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खोकं उघडून काढा. नवी घेताना काउंटरवरच मीटर लावायला सांगा : १२.६ च्या वर हवी, १२.४ च्या खाली असेल तर ती दुकानात पडून राहिलेली आहे, परत द्या. म्हापसा, पणजी, मडगावला ७ एएच सहज मिळते. वॉरंटीत असेल तर बिलाचा फोटो आणि मागचा सिरीयल नंबर आधीच काढून ठेवा, आणि सर्व्हिस घरपोच आहे की आपणच नेऊन द्यायची, हे विकत घेतानाच विचारा. सत्तरी-काणकोणातून चार-पाच किलोचं धूड बसमधून न्यावं लागतं तेव्हा हा प्रश्न आठवतो. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती अधिकृत वाटेनेच परत जायला हवी, आणि बहुतेक दुकानदार तिच्या बदल्यात नवीवर थोडे पैसे कमी करतात. मागितले तर.