आठवणी आधी वाचाव्यात की गस्तीचे अहवाल?

पाणबुडीयुद्धाचे डावपेच शिकायला आधी काय हातात घ्यावं, असं माझ्या भाच्याने विचारलं. तो कॉम्प्युटरवर पाणबुडीचा खेळ खेळतो आणि दर वेळी विनाशिकांच्या तावडीत सापडतो.

पाणबुडीवाल्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या आठवणी विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरूनही वाचता येतात. जर्मन यू-बोटवाल्यांच्या तर हातातून सुटत नाहीत. एक गोष्ट त्यातून पक्की डोक्यात बसते: दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी म्हणजे वेळ आली तरच बुडी मारणारी बोट. पाण्यावर १७ नॉट, खाली जेमतेम ७, तेही बॅटरी तग धरेल तोवर. म्हणून जर्मन कप्तान ओटो क्रेट्श्मर रात्री पाण्यावरूनच शत्रूच्या जहाजांच्या ताफ्यात घुसायचा. वर तरंगणारी बोट ब्रिटिशांच्या ॲस्डिकला (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, म्हणजेच सोनार) सहसा सापडत नसे. ‘एक टॉर्पेडो, एक जहाज’ हा त्याचा हिशेब. पण मार्च १९४१ मध्ये एका विनाशिकेच्या रडारने यू-१०० ही दुसरी जर्मन पाणबुडी अंधारात हेरली, आणि त्याच रात्री क्रेट्श्मरही कैद झाला. आमचे भाचेबुवा मोहीम १९४३ ची लावतात आणि डाव १९४० चा खेळतात, मग दुसरं काय होणार!

आठवणींत खोट एकच. लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, आणि वीस वर्षांनी चुकीचंही धाडस होऊन बसतं.

अमेरिकी पाणबुड्यांचे गस्तीचे अहवाल निविदा सूचनेइतके रसाळ. वेळ, दिशा, अंतर, लक्ष्याचा वेग, टॉर्पेडोची खोली. पण कॅमलिनची कंपासपेटी आणि आलेखाचा कागद घेऊन एक हल्ला आखून बघा. कप्तानाने कुठे थांबायला हवं होतं ते आपलं आपल्यालाच दिसतं. फसलेले हल्लेही त्यात जसेच्या तसे आहेत. मार्क १४ टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा दहाएक फूट खोल जायचा. कप्तान तक्रारी करत राहिले, वरचे त्यांच्याच नेमबाजीला नावं ठेवत राहिले. शेवटी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात मासेमारीचं जाळं लावून चाचणी घेतली तेव्हा कुठे पटलं. तरी जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ पाणबुडीने एकाच जहाजावर १५ सोडले, बहुतेक फुसके. बुडवलेल्या जहाजांचे आकडे मात्र जपून घ्या. युद्धानंतर जपानी कागदांशी ताडल्यावर बरेच खाली आले.

माझं मत अहवालांना. आठवणी लोकलपुरत्या.

मुंबईकराला तिसराही एक मार्ग आहे. इथूनच पाणबुडीच्या शोधात निघालेली आपली युद्धनौका ‘खुखरी’ ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. तिचे कप्तान मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आपल्याकडचं लेखन सांगतं की सोनारच्या चाचणीसाठी तिचा वेग कमी ठेवला होता. पलीकडचं सांगतं, पहिला टॉर्पेडो वाया गेला, दुसरा लागला. दोन्ही हकिगती एकाच कागदावर मांडायला भाच्याला येत्या रविवारी बसवतोय.