डाय चालू ठेवायचा की पांढरे केस तसेच सोडायचे?

चाळिशी ओलांडली की बऱ्याच जणींच्या डोक्यात हेच चालू असतं, आणि सल्ला देणारे एकतर झीनत अमानचे फोटो पाठवतात नाहीतर "अगं आत्तापासून म्हातारी दिसशील" म्हणतात. दोन्ही बाजूला ठेवा, रोजच्या जगण्यात काय फरक पडतो ते बघू.

डायमध्ये खरी कटकट मुळांची. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसायला लागते, की परत टचअप, परत एक रविवार गेला. दुसरं म्हणजे पीपीडी, म्हणजे डायला गडद रंग देणारं रसायन. काळ्या डायमध्ये ते बहुतेक वेळा असतंच आणि त्याची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरून झाल्यावरही अचानक येऊ शकते, खाज, पुरळ, डोळे सुजणं वगैरे. 'अमोनिया फ्री' लिहिलंय म्हणजे पीपीडी नाही असं अजिबात नाही, काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या पावडरींतही बऱ्याचदा असतं, त्यामुळे पाकीट उलटं करून वाचा आणि ४८ तासांची पॅच टेस्ट करा (कोणी करत नाही, माहितीये).

साधी मेंदी पांढऱ्या केसांवर नारिंगी दिसते, काळपट हवं असेल तर वरून इंडिगो पावडर, अख्खी दुपार गेली. आणि तो रंग सहजासहजी निघत नाही, शेवटी कापूनच टाकावा लागतो.

आता पांढरे ठेवायचं तर खर्च वाचतो हे खरं, पण काहीच करावं लागत नाही असं कोण म्हणालं? हे केस कोरडे, राठ वाटतात, मुंबईच्या दमट हवेत जुलैमध्ये वाट्टेल तसे फुगतात, वर ऊन आणि बोअरिंगचं पाणी यांनी पिवळट पडू शकतात. त्या पिवळेपणावर जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा पुरतो, जास्त वेळ ठेवलात तर जांभळी झाक येते. आणि विरार लोकलमध्ये पांढरे केस बघून कोणी उठून सीट देईल ही आशा सोडा.

माझ्या मते खरा प्रश्न मधल्या काळाचा आहे. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण आपले व्हायला दोन वर्षं तरी लागतात, आणि तेव्हा दोन रंग घेऊन ऑफिसला जायचं. बॉबकट केला तर हा काळ बराच कमी होतो, हायलाइट्सने रेघ लपते पण ब्लीच आलंच. थोडेच पांढरे असतील तर सोडणं सगळ्यात सोपं, रेघ फारशी कळत नाही. डाय लावल्यावर डोकं खाजत असेल तर विचार कसला करताय, बंद करा. आणि पंचविशीच्या आतच पांढरे होत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून बी-१२, थायरॉईड तपासा.

फक्त घरात लग्न ठरलेलं असेल तर ते होऊन जाऊ द्या, अल्बममध्ये ती अर्धी-अर्धी रेघ कोणालाच नको असते.